कुत्र्याचा कान आधी पाहा, मग पुसा

कुत्र्याचे कान किती दिवसांनी साफ करावेत, हा प्रश्न आता फक्त पुण्या-मुंबईतच विचारला जातो असे नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब अशा गावांतही लॅब्रेडॉर, पॉमेरियन, जर्मन शेफर्ड पाळणारी घरे आहेत, आणि मोबाइलवर ‘आठवड्यातून एकदा’ हे ठरीव उत्तर त्यांना लगेच मिळते. याच जिल्ह्यात माळरानावर शेळ्यामेंढ्यांमागे फिरणारी, शेतवस्तीवर राखणीला असणारी आणि एसटी स्टँडवर जगणारी कुत्रीही आहेत. त्यांच्या कानाकडे एरवी कोणी पाहत नाही. कान वाहू लागला, त्यात किडे पडले, की मग फिनाइलची नाहीतर टर्पेंटाइनची बाटली शोधली जाते. एकीकडे गरज नसताना चाललेली सफाई आणि दुसरीकडे कान सडेपर्यंत चाललेले दुर्लक्ष. ही दोन टोके वाटली तरी चूक एकच आहे. दोन्हीकडे कानात काहीतरी ओतले जाते, आणि ओतण्याआधी कान नीट पाहिलेला नसतो. कुत्र्याच्या कानाचे आरोग्य बोळ्यावर कमी आणि नजरेवर जास्त अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे. धाराशिवसारख्या कोरड्या, गवताळ, पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात तर ते अधिकच खरे आहे. त्यासाठी कानाची रचना, त्यावरचे संशोधन आणि इथला ऋतुक्रम या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो.

माणसाच्या कानाची नळी जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्याची तशी नसते. ती आधी बरीच खाली उतरते, मग जवळपास काटकोनात आत वळते आणि त्या आडव्या भागाच्या टोकाला कानाचा पडदा असतो. म्हणून पाळी वर उचलून आपल्याला दिसतो तो फक्त उभ्या भागाचा वरचा तुकडा. खरा आजार असतो तो वळणापलीकडे. कापूस गुंडाळलेली काडी आत घातली की वर दिसणारा थोडा मळ काडीला लागतो आणि उरलेला खाली ढकलला जाऊन वळणावर दाबून बसतो. काडीला मळ लागलेला पाहून पाळणाऱ्याला समाधान वाटते, आणि तेवढ्यात नुकसान झालेले असते. या नळीला स्वतःची सफाईची व्यवस्थाही आहे. पडद्यावरची आणि नळीची वरची त्वचा एका जागी राहत नाही. ती पडद्याकडून बाहेरच्या बाजूला हळूहळू सरकत असते. हा वेग अगदी मंद, दिवसाकाठी मिलिमीटरच्या एखाद-दुसऱ्या दशांशाइतका असतो, पण तो अखंड चालू असतो. मेलेल्या पेशी, धूळ आणि ग्रंथींतून पाझरणारा मेणासारखा मळ यांना ती आपल्याबरोबर बाहेर आणते. त्या मळाचेही काम असते, तो त्वचेवर पातळ थर धरून पाणी आणि जंतू अडवतो. थोडासा फिकट तपकिरी, वास नसलेला मळ हे निरोगी कानाचे लक्षण आहे. तो दर आठवड्याला खरवडून काढला की त्वचा ओलसर आणि मऊ पडते, तिला बारीक इजा होते, सरकण्याची गती बिघडते. सफाईमुळे आजार ओढवतो तो असा.

मग कान बिघडतो कशाने? या प्रश्नाची नीट मांडणी 1988 मध्ये जॉन ऑगस्ट या पशुवैद्याने केली. कानाचा दाह हा एका कारणाचा आजार नाही, हे त्याने ठामपणे सांगितले. काही कारणे आजार सुरू करतात, काही फक्त जमीन तयार करतात आणि काही तो बरा होऊ देत नाहीत. आज जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ पशुवैद्य थोड्याफार फरकाने हीच चौकट वापरतात. या चौकटीत पाहिले की एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. कान फुटल्यावर त्यात जे यीस्ट आणि जिवाणू सापडतात, ते बहुधा मूळ गुन्हेगार नसतात. मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट आणि स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू निरोगी कानातही थोड्या संख्येने राहतातच. त्वचेचा तोल गेला की ते वाढतात. तो तोल बिघडवतात ते अॅलर्जी, कानातले परजीवी, बाहेरून घुसलेली वस्तू, क्वचित थायरॉईडसारखे आजार. म्हणून फक्त यीस्ट मारणारे थेंब घातले की आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि महिन्याभरात कान पुन्हा वाहतो. दोन्ही कान वरचेवर लाल होणारा, पंजे चाटणारा, पोटाखाली खाजवणारा लॅब्रेडॉर हा कानाचा रोगी नसून त्वचेच्या अॅलर्जीचा रोगी असण्याची शक्यता मोठी आहे. त्याचे कान कितीही धुतले तरी अॅलर्जी तिथेच राहणार.

लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना हवा लागत नाही, म्हणून त्यांचे कान तरी दर आठवड्याला धुवायलाच हवेत, असा आक्षेप यावर येतो. तो निराधार नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधील 22,333 कुत्र्यांच्या 2016 सालच्या दवाखान्यातील नोंदी तपासून 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या एका वर्षात 7.3 टक्के कुत्र्यांना बाह्यकर्णाचा दाह झाला होता. ताठ कानांच्या जातींच्या तुलनेत लोंबत्या कानांच्या जातींत त्याची शक्यता पावणेदोन पटींच्या आसपास होती, म्हणजे कानाच्या ठेवणीने फरक पडतो हे खरे. पण त्याच अभ्यासात बॅसेट हाउंड या जातीत ती शक्यता संकरित कुत्र्यांच्या जवळपास सहा पट निघाली, आणि शार पेई या दुमडलेल्या, आखूड कानाच्या जातीतही ती तिपटीहून अधिक होती. लोंबता कान हेच सगळे कारण असते, तर एवढी तफावत पडली नसती. नळीची अरुंदी, त्वचेची जात, अॅलर्जीचा वारसा यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. लोंबता कान जमीन तयार करतो, पेरणी दुसरेच कोणीतरी करते. तेव्हा लॅब्रेडॉर किंवा कॉकर स्पॅनियल पाळणाऱ्याने दर आठवड्याला कान पाहावेत, वास घ्यावा. मळ साचलेला दिसला, कुत्रा शेततळ्यात किंवा धरणाच्या पाण्यात डुंबून आला, तर पुसावेत. पाहण्याचा वार ठरवावा, धुण्याचा नव्हे. आणि इंग्लंडच्या ओल्या हवेत, पिढ्यान्पिढ्या बंद घरात वाढलेल्या जातींसाठी तयार झालेला सल्ला बालाघाटाच्या माळावर जसाच्या तसा लावण्याआधी इथले वर्ष कसे जाते ते बघावे.

धाराशिव जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. कानाला ओलावा बाधतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबर. यीस्टचे आजार तेव्हा वाढतात आणि माश्याही तेव्हाच. पण इथल्या राखणीच्या आणि कळपाच्या कुत्र्यांचा सगळ्यात दुर्लक्षित शत्रू पाऊस संपल्यावर येतो. तो म्हणजे कुसळ. दसरा-दिवाळीच्या सुमाराला परांडा, भूम, वाशी, तुळजापूरच्या माळांवर कुसळी गवत पिकते. त्याचे बी हातात घेऊन जवळून पाहावे. खालचे टोक सुईसारखे कडक आणि तीक्ष्ण असते. त्या टोकावर राठ केसांचे वेष्टन, आणि ते सगळे केस मागच्या दिशेने वळलेले. वर दोन-तीन इंचांचा काळपट, पीळ पडलेला शेपूट. हा शेपूट ओल लागली की उलगडतो, वाळला की पुन्हा पिळतो, आणि या पिळण्या-उलगडण्यातून बी मातीत स्वतःला रोवते. मातीत रुजण्यासाठी घडलेले हे यंत्र कुत्र्याच्या कानात शिरले की तिथेही तेच करते. मागे वळलेल्या केसांमुळे ते मागे येऊ शकत नाही, कानातल्या ओलीमुळे पुढे सरकत राहते, आणि पडद्यापर्यंत जाऊन तो फोडू शकते.

कुसळाची ओळख सोपी आहे, फक्त ती माहीत हवी. सकाळी धडधाकट गेलेला कुत्रा संध्याकाळी एकाएकी डोके झाडू लागतो, एकाच बाजूला मान कलती धरतो, तोच एक कान पंजाने ओरबाडतो, हात लावू देत नाही. ना दुर्गंधी, ना पू. आदल्या दिवशीपर्यंत काही नव्हते. हे चित्र यीस्टचे नाही आणि अॅलर्जीचेही नाही, कारण ते आजार हळूहळू आणि बहुधा दोन्ही कानांत येतात. अशा वेळी तेल, पाणी, द्रावण काहीही ओतणे चुकीचे आहे. डॉक्टरांनी कुत्र्याला गुंगी देऊन, कान पाहण्याच्या दुर्बिणीतून बघत, लांब चिमट्याने ते कुसळ काढायचे असते. पाच-दहा मिनिटांचे काम. ते राहिले तर आठवड्याने कान वाहतो, महिन्याने मधल्या कानापर्यंत पू जातो, आणि तोवर मूळ कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात माळावरून परतलेल्या कुत्र्याचे कान, पंजांच्या बोटांमधली जागा आणि काखा रोज संध्याकाळी चाचपणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे, आणि कोणत्याही बाटलीत त्याला पर्याय नाही. कानाच्या तोंडाशी, बाहेर दिसणारे कुसळ बोटांनी अलगद उचलता येते. आत गेलेले मात्र घरी काढू नये.

दुसरा शत्रू गोचीड. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड आणि गाई-म्हशींवरची गोचीड या बहुतांशी वेगळ्या जाती आहेत, म्हणून गोठा फवारला तरी कुत्र्याच्या गोचिड्या तशाच राहतात. ही कुत्र्याची गोचीड कानाची पाळी, पाळीच्या आतल्या घड्या आणि कानाचे तोंड इथे गर्दी करते, कारण तिथली कातडी पातळ आणि रक्त जवळ असते. ती आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते आणि दर वेळी रक्त पिऊन उतरते. उतरल्यावर ती भिंतीच्या फटीत शिरते. तिथेच ती कात टाकते आणि शेवटी हजारोंनी अंडी घालते. उपाशीपोटी कित्येक महिने ती तिथे तग धरू शकते. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची घरे यांत अशा फटींना तोटा नाही. म्हणून कानातल्या गोचिड्या वेचून काढल्या आणि चार दिवसांनी पुन्हा तेवढ्याच दिसल्या, तर त्या कुत्र्याबरोबर बाहेरून आल्या असे समजू नये. त्या घरातल्याच आहेत. कुत्रा बसतो तिथल्या भिंतीच्या फटी लिंपणे, अंथरूण उन्हात टाकणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे गोचीडनाशक गोळी किंवा मानेवर सोडायचे औषध देणे, असे तिन्ही बाजूंनी केले तरच उपयोग होतो. याच गोचिडीतून एर्लिकियासारखे रक्ताचे आजार येतात, ज्यात कुत्रा मलूल पडतो, कधी नाकातून रक्त जाते. कानात पाहण्याची सवय असलेल्या घरात हा आजार लवकर पकडला जातो, हा तिचा आणखी एक फायदा. इथे एक कळकळीची सूचना करायची आहे. पिकावर फवारायचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या कानाला चोळू नका. त्यातली काही रसायने कातडीतून आणि चाटण्यातून अंगात जातात. लाळ गळते, अंगाला झटके येतात आणि कुत्रा मरतो. गोचिडीने मेला असे समजून पुरलेल्या कुत्र्यांत अशा विषबाधेचे बळीही असतात.

माश्यांचा विषय पावसाळ्याचा. चावऱ्या माश्या ताठ कानाच्या कुत्र्याच्या कानाचे शेंडे आणि लोंबत्या कानाची घडी चावून रक्ताळतात. त्या रक्ताला दुसऱ्या माश्या येतात आणि अंडी घालतात. साधारण दिवसभरात अळ्या निघतात आणि जिवंत मांसात शिरतात. ‘कानात किडे पडले’ म्हणतात ते हे. याच टप्प्यावर गावचे उपाय सुरू होतात: फिनाइल, टर्पेंटाइन, रॉकेल, तंबाखूचे पाणी, सीताफळाच्या पाल्याचा लगदा, कापूर, हळद. पिढ्यान्पिढ्या जनावरे सांभाळणाऱ्यांचे हे ज्ञान सरसकट अडाणी ठरवू नये, असे कोणी म्हणेल, आणि मला ते मान्य आहे. सीताफळाच्या पाल्यात आणि बियांत कीटक मारणारे घटक खरोखरच आहेत. टर्पेंटाइन पशुवैद्यकातही किडे बाहेर काढण्यासाठी वापरले गेले आहे. बैलाच्या खांद्यावरच्या किंवा शेळीच्या पायावरच्या उघड्या जखमेत हे उपाय चालले म्हणून ते टिकले. फरक आहे तो जागेचा. खांद्यावरच्या जखमेच्या तळाशी मांस असते. कानाच्या तळाशी पडदा असतो, आणि किड्यांनी तो बहुधा आधीच फोडलेला असतो. तिथून टर्पेंटाइन किंवा फिनाइल आतल्या कानात उतरले की ऐकू येणे जाते, तोल जातो, कुत्रा गोल गोल फिरू लागतो. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा करते, आणि डोके झाडणाऱ्या कुत्र्याच्या कानातून ती डोळ्यात जायला वेळ लागत नाही. हळदीने आत चिखल होतो आणि डॉक्टरांना काही दिसेनासे होते. तंबाखूच्या पाण्यातले निकोटीन तर सरळ विषच. म्हणून परंपरेचा मान राखूनही कानापुरता हा अपवाद करावाच लागेल. किडे पडलेला कान घरी हाताळू नये. 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी किंवा जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. आणि कानाच्या शेंड्याला रक्त दिसले त्याच दिवशी जखम स्वच्छ करून माश्या पळवणारे मलम लावले, तर पुढचे काही घडतच नाही.

आता कान वाहतोच आहे, तर औषध कोणते? बहुतेकांचा गाडा इथे रुळावरून घसरतो. दुकानातून जिवाणूनाशक, बुरशीनाशक आणि सूज उतरवणारे स्टेरॉइड असे तिन्ही असलेले थेंब आणले जातात आणि घातले जातात. सूज उतरते, खाज थांबते, औषध लागू पडले असे वाटते. वास्तविक कानातल्या घाणीचा एक ठिपका काचेच्या पट्टीवर घेऊन, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर निम्मे प्रश्न दहा मिनिटांत सुटतात. मॅलॅसेझिया भुईमुगाच्या शेंगेसारखे, मध्ये कंबर असलेले दिसते. एकदा पाहिले की विसरत नाही. गोल जिवाणू वेगळे, काड्यांसारखे वेगळे. काड्यांसारखे जिवाणू आणि पू पेशींचा खच दिसला तर स्यूडोमोनास या चिवट जिवाणूची शंका घ्यावी लागते आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणते प्रतिजैविक चालेल ते तपासावे लागते. अंदाजाने औषध बदलत राहिल्यास हा जिवाणू आणखी निर्ढावतो. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, कोरडा मळ असेल आणि पिल्लू दोन्ही कान खाजवत असेल, तर कानातले ओटोडेक्टस माइट शोधावे लागतात; ते न रंगवलेल्या मळातही हलताना दिसतात. घरात मांजर असेल तर तीही तपासावी, कारण हे माइट मांजराकडून येतात आणि एकट्या कुत्र्यावर उपचार केल्याने जात नाहीत. कानाच्या कडेलाच खपल्या धरल्या असतील, तर ती कडा दोन बोटांत धरून हलके चोळावी. कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवण्याच्या हालचाली करू लागला तर खरजेची शंका बळावते. ही खरूज कुत्रा सांभाळणाऱ्या माणसालाही काही काळ त्रास देते. या सगळ्यांवर एकच थेंब चालणे शक्य नाही. शिवाय पडदा फुटलेला असेल तर जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि क्लोरहेक्सिडीन आतल्या कानाला घातक ठरू शकतात. म्हणजे जे औषध एका कुत्र्याला बरे करते, तेच दुसऱ्याला बहिरे करते. पडदा शाबूत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय थेंब घालणे हा म्हणूनच केवळ निष्काळजीपणा नाही, तो धोका आहे.

तालुक्याच्या दवाखान्यात रांग गाई-म्हशींची आणि शेळ्यांची असते, तिथे कुत्र्याच्या कानातला मळ कोण सूक्ष्मदर्शकाखाली धरणार, असा सवाल कोणी केला तर तो रास्त आहे. उस्मानाबादी शेळीवर ज्या जिल्ह्यातल्या हजारो घरांची चूल चालते, तिथे शेळीला पहिला मान मिळावा यात गैर काही नाही. पण इथे लागणारी सामग्री महागडी नाही. रक्ताचे नमुने पाहायला लागतो तोच सूक्ष्मदर्शक, तीच काचपट्टी, रंगाच्या बाटल्या आणि एक कान पाहण्याची दुर्बीण. गुंतागुंतीची केस शेजारच्या लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता येते. महिनोन्महिने वाहिलेल्या कानाची नळी आतून जाड होते, अरुंद होते, पुढे तिच्यात चुना साचून ती हाडासारखी कडक होते. मग ती पूर्ण काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. दहा मिनिटांची तपासणी टाळून आपण त्या दिशेने चालत असतो. हा खर्चाचा हिशोब सरकारी दवाखान्यालाही लागू आहे.

सफाई खरोखर लागते तेव्हा ती कशी करावी, हे थोडक्यात सांगतो, कारण इथे फारसा वाद नाही. कुत्र्यासाठीच बनवलेले कानाचे द्रावण घ्यावे. थंडीत बाटली हातात धरून कोमट करावी. पाळी वर धरून नळी भरेल इतके द्रावण सोडावे, कानाच्या मुळाशी, जिथे नळी बोटांना कडक लागते तिथे, अर्धा मिनिट चोळावे. आत पचपच आवाज आला पाहिजे. मग कुत्र्याला डोके झाडू द्यावे. वळणापलीकडचा मळ बाहेर आणण्याचे काम ते झाडणेच करते. बाहेर आलेले तेवढे कापसाने किंवा मऊ कापडाने, बोट जाईल तिथपर्यंतच टिपावे. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, नुसता व्हिनेगर यांनी सोललेली त्वचा भाजते. गरम तेल घालण्याची आपली घरगुती सवय कुत्र्याला लागू करू नये. मॅलॅसेझिया स्निग्ध पदार्थांवर पोसते, आणि तेल त्याला खाऊ घालते. कान दुखत असेल, वास येत असेल, मान कलती असेल, तर द्रावणही घालू नये. आंघोळीआधी कानात कापसाचा सैल बोळा ठेवून आंघोळीनंतर तो आठवणीने काढला, तर पाण्याचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

पिल्लांचे कान कातरण्याची रीत काही ठिकाणी अजून टिकून आहे. कान कापला म्हणजे कुत्रा तिखट होतो, लांडग्याला धरायला जागा राहत नाही, हवा खेळते आणि कान सडत नाही, अशी तिची कारणे सांगितली जातात. यातले शेवटचे कारण या लेखाच्या विषयाचे आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. दाह पाळीत नसतो, नळीत असतो, आणि नळी कापली जात नाही. उलट ब्लेडने, भूल न देता कापलेल्या पाळीची जखम माश्यांना आमंत्रण देते आणि पाळीविना उघडे पडलेले कानाचे तोंड धुळीला आणि कुसळाला. कारवानीसारख्या इथल्या शिकारी जातीचा पातळ, डोक्याला चिकटून राहणारा कान हे त्या नळीचे झाकण आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात प्राण्याचा अवयव छाटणे गुन्हा मानले आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानावर दिसणारी छोटी खाच मात्र वेगळी गोष्ट आहे. ती नसबंदी झाल्याची खूण आहे, भूल दिलेली असतानाच केलेली, आणि त्या कुत्र्याला पुन्हा पकडून पोट उघडण्यापासून ती वाचवते.

एवढे सगळे कुत्र्याच्या कानासाठी कशाला, दुष्काळी जिल्ह्यात माणसांच्याच दवाखान्यांची आबाळ आहे, असे ज्याला वाटते त्याला मी भूतदयेचे उत्तर देणार नाही, जरी ज्या जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा भरते आणि त्या देवाबरोबर कुत्र्यालाही भंडारा लागतो, तिथे ते उत्तर परके वाटू नये. व्यवहाराचेच उत्तर पुरेसे आहे. कुत्र्याला सुमारे 45 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माणसाला फार तर 20 हजार. रात्री कळपाभोवती लांडगा आला हे आधी कुत्र्याचा कान सांगतो. वाहत्या कानाचा कुत्रा ते सांगू शकत नाही. दुसरे, कान दुखणारा कुत्रा चावतो. ओसरीवरचे पोर लाडाने कान ओढते आणि एरवी गरीब असलेले जनावर फटकन तोंड घालते. मग धावाधाव, रेबीजची लस आणि बहुधा त्या कुत्र्याला काठी. मात्र अनोळखी कुत्र्याचे डोके कलते असेल, तोंडातून लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर ते कानाचे दुखणे समजून जवळ जाऊ नये. रेबीजची शंका आधी घ्यावी आणि हात न लावता डॉक्टरांना कळवावे. मालक नसलेल्या कुत्र्यांचे काय, हा प्रश्न उरतोच, पण तोही पूर्वीइतका अवघड नाही. गोचीड मारणाऱ्या नव्या गोळ्या भाकरीच्या तुकड्यातून देता येतात, त्यांचा परिणाम कित्येक आठवडे टिकतो, आणि कानातले माइट व खरूज यांवरही त्यांचा उपयोग दिसून आला आहे. गल्लीतल्या चार कुत्र्यांना रोज अन्न घालणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, वजनाचा अंदाज घेऊन, ज्याला झटके येतात अशा कुत्र्याला वगळून, ही गोळी दिली तर त्यांच्या कानात हात घालायची वेळच येणार नाही.

28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमाराला कुत्र्यांना लस देण्याची शिबिरे घेतली जातात, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत माळावरचे कुसळ पिकते. लसीसाठी कुत्रा टेबलावर धरलेलाच असतो. पशुसंवर्धन विभागाने, नगरपालिकांनी आणि कुत्रे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने त्याच वेळी दोन्ही कान उघडून पाहण्याचा आग्रह धरावा: गोचीड आहे का, वास आहे का, कड खपलीची आहे का. त्याच टेबलाशी धनगर बांधवांना कुसळाची लक्षणे सांगावीत. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. येत्या सप्टेंबरपासून हे सुरू करता येईल.